पाहण्याजोगं : कोणतं चॅनेल बघू, ते सांगा

मागच्या अंकात यूट्यूबवर मुलांनी काय पाहावं याबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळचं सगळं सदर त्यांनाच देऊन टाकलं. उत्तरांकडे वळण्याआधी माझी कसोटी सांगते. चॅनेलवरचा माणूस आपल्यासमोर काम करतो, की कामाबद्दल नुसता बोलतो? फसलेलं, बिघडलेलं तो दाखवतो, की कापून टाकतो? आणि पाहून झाल्यावर आपल्याला उठून काही करावंसं वाटतं का? सदस्य किती, यूट्यूबचं बटण चांदीचं मिळालं की सोन्याचं, हे मी बघत नाही. माझी सगळी नोकरी शाळेच्या प्रयोगशाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. हात चालताना दिसले की माझा विश्वास बसतो.

मुलगा सातवीत आहे, मराठी माध्यमात. शाळा सुटली की फोन, आणि फोन काढून घेतला की आदळआपट. विज्ञानाचं काही चांगलं मराठीत आहे का? की सगळं इंग्रजीतच?
– एक आई, परभणी

ताई, मराठीत आहे, आणि तेही घराजवळचं, पुण्याचं. अरविंद गुप्ता यांची खेळण्यांची चॅनेलं शोधा. 'अरविंद गुप्ता टॉइज' एवढं लिहिलंत आणि पुढे 'मराठी' जोडलंत की छोटे छोटे व्हिडिओ समोर येतील. बरेचसे दोन-तीन मिनिटांत संपतात.

हे गृहस्थ आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, १९७५ साली पदवी घेतलेले. पुण्यात टेल्कोत नोकरीला होते. १९७८ मध्ये रजा काढून मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथल्या आठवडी बाजारात सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी मिळायची. तिचे बारीक तुकडे आणि काड्यापेटीतल्या काड्या जोडून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घन बनवून दाखवले. चौकोन दाबला की वाकडा होतो आणि त्रिकोण काही केल्या हलत नाही, हे मुलाच्या बोटांना कळतं. मग पुलाच्या आणि विजेच्या मनोऱ्याच्या सांगाड्यात त्रिकोणच त्रिकोण का असतात, हे वेगळं शिकवावं लागत नाही. पुढे २००३ ते २०१४ या काळात ते डॉ. जयंत नारळीकरांनी उभ्या केलेल्या आयुका या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात होते. तिथेच हे व्हिडिओ बनले, अनेक भारतीय भाषांत. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

कुठून सुरुवात करायची तेही सांगते : साध्या मोटरपासून. सामान असं – एक मोठा सेल, सायकलच्या ट्यूबचा कापलेला रबरी पट्टा, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि सुमारे सव्वा मीटर तांब्याची एनॅमल लावलेली तार. ही तार मोटर वायंडिंगच्या दुकानात मिळते, तुकडा तर बहुधा फुकटच देतात. तार सेलभोवती दहाएक वेढे गुंडाळून तिचं वेटोळं करायचं आणि दोन टोकं दोन बाजूंना बाहेर ठेवायची. पिना रबरी पट्ट्याने सेलच्या दोन टोकांना उभ्या बसवायच्या, चुंबक सेलवर चिकटवायचं आणि वेटोळ्याची टोकं पिनांच्या भोकांत अडकवायची.

खरी गंमत टोकं खरवडण्यात आहे. एका टोकावरचं एनॅमल सगळीकडून खरवडायचं, दुसऱ्या टोकावरचं मात्र एका बाजूला तसंच ठेवायचं. मुलं हमखास दोन्ही टोकं लख्ख करतात, आणि मग वेटोळं थरथरतं पण फिरत नाही. तेव्हा त्याला लगेच उत्तर सांगू नका. वीज सारखी चालू राहिली तर अर्ध्या फेऱ्यात वेटोळं पुढे ढकललं जातं आणि उरलेल्या अर्ध्यात मागे. अर्धा फेरा वीज तोडली की ते आलेल्या वेगावर पुढे सरकतं आणि पुन्हा धक्का मिळतो. हे त्याचं त्याला सापडलं तर तो पुढचा आठवडाभर दुसरं काही बोलणार नाही. माझ्या वर्गात हे दर वर्षी व्हायचं.

फोन काढून घेण्यापेक्षा फोन भिंतीला टेकवून ठेवा आणि त्याच्या पुढ्यात सामान मांडा. दोन्ही हात तारेत गुंतले की बोट पडद्यावर सरकत नाही.

आणखी एक युक्ती सांगते, ती एका अभ्यासातून आलेली आहे. 'व्हेरिटासियम' हे इंग्रजी चॅनेल २०११ मध्ये सुरू करणारे डेरेक मुलर यांनी सिडनी विद्यापीठात भौतिकशास्त्र व्हिडिओतून कसं शिकवावं याच विषयावर पीएचडी केली. त्यांना दिसलं ते असं : स्वच्छ, सोपं समजावून सांगणारा व्हिडिओ पाहिलेल्या विद्यार्थ्यांना सगळं कळल्यासारखं वाटलं, पण परीक्षेतले गुण जवळपास होते तिथेच राहिले. ज्यांच्यासमोर आधी चुकीच्या समजुती मांडून मग त्या तपासल्या गेल्या, ते गोंधळले, त्यांना डोकं जास्त खाजवावं लागलं, पण गुण त्यांचे वाढले. म्हणून व्हिडिओ अर्ध्यात थांबवा आणि विचारा, 'आता काय होईल?' त्याने काहीतरी सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका. चुकीचं सांगितलं तर फारच उत्तम.

इंग्रजी थोडं झेपायला लागलं की 'पीरिऑडिक व्हिडिओज' दाखवा. नॉटिंगहॅम विद्यापीठाने २००८ मध्ये हे चॅनेल सुरू केलं. ११८ मूलद्रव्यांपैकी प्रत्येकावर तिथे स्वतंत्र व्हिडिओ आहे, आणि विस्कटलेल्या पांढऱ्या केसांचे प्राध्यापक मार्टिन पोलियाकॉफ मुलांना फार आवडतात.

घड्याळं दुरुस्त करतो. वडिलांपासूनचं दुकान. दुपारी गिऱ्हाईक नसतं. इंग्रजी येत नाही. हाताच्या कामाचं काही बघण्यासारखं असेल तर सांगा.
– कोल्हापूर

दादा, तुमचं पत्र सगळ्यात छोटं होतं आणि त्याचं उत्तर शोधायला मला सगळ्यात जास्त आवडलं. दोन चॅनेलं सांगते. दोन्हींतली माणसं ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्याच्या उत्तर भागातली आहेत. एकाच्या हातात दगडाची कुऱ्हाड आहे आणि दुसऱ्याच्या हातात तुमच्यासारखा चिमटा.

पहिलं 'प्रिमिटिव्ह टेक्नॉलॉजी'. जॉन प्लांट हा माणूस २०१५ पासून रानात एकटा जातो, अंगावर फक्त अर्धी चड्डी, आणि जे काही बनवायचं ते तिथेच मिळालेल्या दगड, माती, लाकूड, वेलीतून बनवतो. संपूर्ण व्हिडिओत तो एक शब्द बोलत नाही, संगीत नाही. फक्त दगडावर दगड घासल्याचा, पाण्याचा, पाखरांचा आवाज. त्यामुळे भाषेचा प्रश्नच येत नाही. काय आणि का केलं याची माहिती तो सबटायटल्समध्ये लिहितो. ती चालू करून सेटिंगमधून मराठी भाषांतर निवडता येतं. भाषांतर ओबडधोबड असतं, पण काम भागतं.

त्याने कौलं भाजून झोपडी शाकारली तो व्हिडिओ बघा. नंतर लोखंडाचे बघा. ओढ्याच्या काठी साचणारा नारिंगी रंगाचा गाळ तुम्ही आपल्याकडेही पाहिला असेल. लोह खाणाऱ्या जिवाणूंमुळे तो तयार होतो. हा माणूस तो गाळ गोळा करतो, कोळशाबरोबर मातीच्या भट्टीत घालतो, स्वतः बनवलेल्या पंख्याने हवा मारत राहतो, आणि शेवटी राखेतून लोखंडाचे मोहरीएवढे मणी निवडतो. एवढ्या कष्टाला एवढंसं फळ! पण तो ते जसं आहे तसं दाखवतो, आणि पुढच्या वेळी भट्टी बदलून पुन्हा करतो. माणूस ओळखायला मला तेवढं पुरे.

दुसरं 'क्लिकस्प्रिंग'. हे खास तुमच्यासाठी. ख्रिस नावाचा हा कारागीर पितळेचं घड्याळ पहिल्या चाकापासून शेवटच्या स्क्रूपर्यंत स्वतः बनवतो. तो इंग्रजीत बोलतो, पण तुम्ही आवाज बंद करून बघितलंत तरी तुम्हाला सगळं कळेल, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. स्क्रूला निळा रंग आणण्याचं त्याचं काम बघा. पोलादी स्क्रू आधी आरशासारखा घासायचा, बोटाचा डागसुद्धा राहता कामा नये. मग पितळेच्या किसाने भरलेल्या छोट्या ताटलीत तो उभा करून खालून आच द्यायची. किसामुळे उष्णता सगळीकडून सारखी लागते. पोलाद आधी गवतासारखं पिवळट होतं, मग तपकिरी, मग जांभळं, आणि ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गर्द निळं. तिथे क्षणभर उशीर झाला की रंग फिका पडून राखाडीकडे जातो आणि पुन्हा घासण्यापासून सुरुवात. जुन्या स्विस घड्याळांतले निळे स्क्रू तुम्ही हाताळले असतील. तो रंग वरून दिलेला नसतो, पोलादावर चढलेल्या ऑक्साइडच्या पातळ थराचा असतो.

याच ख्रिसने अँटिकिथेराचं यंत्रही बनवायला घेतलं. १९०१ मध्ये ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून गंजलेल्या काशाचे तुकडे वर आले. ते सूर्य, चंद्र, ग्रहणं यांचं गणित सांगणारं, दोन हजार वर्षांहून जुनं दंतचक्रांचं यंत्र निघालं. त्यातली ३० चक्रं आज शिल्लक आहेत. ख्रिस ते यंत्र बनवताना त्या काळी असू शकतील अशी हत्यारंही बनवून बघतो : कानस, भोकं पाडायचं गिरमिट, दात कापायची पद्धत. त्या कामातून त्याच्या लक्षात आलं की यंत्राच्या बाहेरच्या कड्यावरची भोकं ३६५ बसत नाहीत, ती ३५४ असावीत, म्हणजे हे कडं चांद्रवर्षाचं. २०२० मध्ये त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी हे लेखातून मांडलं, आणि २०२४ मध्ये ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी गणिताने तपासलं तेव्हा आकडा तिथेच, ३५४-३५५ ला, आला. कानस चालवणाऱ्या माणसाने विद्वानांच्या पुढ्यात पुरावा ठेवला. तुमच्या दुकानात दुपारी बसून बघण्यासारखं याहून चांगलं काही मला माहीत नाही.

बारावीपर्यंत मराठी माध्यम, आता इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष. मॅट्रिक्स वर्गात करते, मार्कही पडतात, पण आपण काय करतोय तेच कळत नाही. सर वेगात शिकवतात. ऑनलाइन क्लासला पैसे नाहीत.
– अमरावती

पैशांची गरज नाही गं. जगातलं सगळ्यात चांगलं यातलं फुकट आहे.

'थ्री ब्लू वन ब्राउन' शोध. ग्रँट सँडरसन हा स्टॅनफर्डमध्ये गणित शिकलेला तरुण २०१५ पासून हे चॅनेल चालवतो. त्याच्या एका डोळ्याच्या बुबुळाचा काही भाग तपकिरी आहे आणि बाकी निळा, त्यावरून नाव. पडद्यावरची चित्रं हलवण्यासाठी त्याने पायथन या संगणकभाषेत स्वतःची प्रणाली लिहिली, आणि तीही सगळ्यांसाठी खुली केली. त्याची रेखीय बीजगणिताची मालिका, 'एसेन्स ऑफ लिनिअर अल्जिब्रा', ओळीने बघ. उड्या मारू नकोस.

तुला जे कळत नाहीये ते तिसऱ्या-चौथ्या भागात उलगडेल. थोडक्यात सांगून ठेवते. आलेखाचा कागद डोळ्यांपुढे आण. त्यावर एक बाण उजवीकडे एक घर, दुसरा बाण वर एक घर. मॅट्रिक्सचा, म्हणजे आकड्यांच्या त्या चौकटीचा, पहिला स्तंभ सांगतो की पहिला बाण आता कुठे जाऊन पडणार, दुसरा स्तंभ दुसऱ्याचं सांगतो. बस. या दोन बाणांबरोबर सगळा कागद ताणला जातो, फिरतो, तिरका होतो. दोन मॅट्रिक्सचा गुणाकार म्हणजे आधी एक हालचाल, मग दुसरी. म्हणून त्यांचा क्रम बदलला की उत्तर बदलतं. डिटरमिनंट म्हणजे कागदावरचं एक घर हालचालीनंतर किती पट मोठं झालं तो आकडा. डिटरमिनंट शून्य आला तर सगळा कागद चेपून एका रेषेत गेला. रेषेत गेलेलं पुन्हा पसरता येत नाही, म्हणून अशा मॅट्रिक्सला इन्व्हर्स नाही. तू हे वाक्य वहीत पाठ लिहिलं असशील. तो कागद चेपताना एकदा बघितलास की पाठ करावं लागणार नाही.

पण एक सांगते, हे बघून गणित येत नाही, गणिताचा अर्थ येतो. उदाहरणं तुला सोडवावीच लागतील. त्यासाठी एमआयटीच्या 'ओपनकोर्सवेअर'वर गिल्बर्ट स्ट्रँग यांची व्याख्यानं आहेत, फळा आणि खडू, बाकी काही नाही. प्रश्न विचारून ते थांबतात, वर्गाकडे बघतात, पुन्हा आकडे मांडतात. २०२३ मध्ये वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी त्यांनी शेवटचा तास घेतला. इंग्रजीचा वेग जड गेला तर वेग ०.७५ वर ठेव आणि इंग्रजीच सबटायटल्स लाव. कानाने निसटलेला शब्द डोळ्यांना सापडतो, आणि तोच शब्द उद्या परीक्षेत लिहायचा असतो.

आपल्याकडचं एनपीटीईएलही विसरू नकोस. आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प आहे, इंजिनिअरिंगचा जवळजवळ प्रत्येक विषय तिथे पूर्ण सत्राचा मिळतो. काही व्याख्यानं रुक्ष आहेत, ते खरंच. पण तुझ्या अभ्यासक्रमाशी ती सगळ्यात जुळतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तुला त्यांचाच आधार वाटेल.

डब्लिनला शिकायला आलोय. चार पोरं एकत्र राहतो. आईला फोन केला की ती म्हणते 'अंदाजे घाल'. मराठी जेवण शिकायला कोणतं चॅनेल?

दोन चॅनेलं, आणि दोन्ही लागतील. आधी 'मधुराज् रेसिपी मराठी'. मधुरा बाचल कप आणि चमचा धरून सांगतात, गॅस मंद की मोठा तेही सांगतात, आणि घाई करत नाहीत. अंदाज यायच्या आधी माप लागतं. पिठलं, मुगाची खिचडी, कोबीची भाजी, वरण, एवढं त्यांच्याकडून शिकून घे.

मग 'आपली आजी' बघ. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे यांनी सत्तरीत, २०२० मध्ये, नातवाच्या मदतीने हे चॅनेल सुरू केलं. त्या मुठीने घालतात, चिमटीने घालतात. तेव्हा तू त्यांच्या हाताकडे बघ आणि मसाल्याकडे बघ. वाटण परतताना ते कढईच्या कडा सोडतं, बाजूने तेल दिसायला लागतं, तिथे त्या पाणी घालतात. आई 'अंदाजे' म्हणते ते हेच, फोनवर तिला दाखवता येत नाही इतकंच.

भाकरी करायचा हट्ट तू करणार, ते माहीत आहे. तिकडे मिळणारं ज्वारीचं पीठ जुनं असतं, त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते. ज्वारीत ग्लुटेन नाही, त्यामुळे विरी गेली की भाकरीला चिरा पडतात. थंड पाण्यात मळू नकोस, उकड काढून घे : उकळत्या पाण्यात पीठ टाकून झाकण ठेव, कोमट झालं की तळहाताने खूप मळ. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला लगेच पाणी फिरव, ते वाळायला लागलं की उलट. इंडक्शनच्या शेगडीवर ती फुगणार नाही, तव्यावरच कापडाने कडा दाबत भाज.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मालिका बघवत नाहीत, बातम्यांनी डोकं उठतं. सुडोकू, बुद्धिबळ आणि शास्त्रीय संगीत, एवढीच आवड.
– नागपूर

आपल्या तिन्ही आवडींची सोय आहे.

सुडोकूसाठी 'क्रॅकिंग द क्रिप्टिक'. सायमन अँथनी आणि मार्क गुडलिफ हे दोघे इंग्रज रोज कोडी सोडवतात आणि सोडवताना मनात काय चाललंय ते मोठ्याने बोलतात. मे २०२० मधलं 'मिरॅकल सुडोकू' आधी बघा. ८१ घरांत फक्त दोन आकडे दिलेले : एक आणि दोन. वर तीन नियम : बुद्धिबळातल्या घोड्याच्या चालीवर तोच आकडा नको, राजाच्या चालीवर नको, आणि शेजारी शेजारी लागोपाठचे आकडे नकोत. सायमनला सुरुवातीला वाटतं, कोणीतरी थट्टा केली आहे. मग एक घर सुटतं, मग दुसरं, आणि त्याचा आवाज बदलत जातो. सुमारे २५ मिनिटांत सगळं सुटतं. आपण कागदावर चौकट आखून त्याच्या आधी दहा मिनिटं स्वतः झटापट केलीत, तर त्याच्या आनंदात आपणही असाल.

बुद्धिबळासाठी 'चेसबेस इंडिया'. सागर शाह आणि अमृता मोकळ यांनी उभं केलेलं हे काम आहे. डाव संपल्या संपल्या खेळाडूला पटापाशी बसवून 'इथे काय विचार केलास?' असं विचारणारे पत्रकार विरळाच. आपल्या नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकली, तेव्हाचं त्यांचं वार्तांकन तर आपण बघाच.

संगीतासाठी 'दरबार फेस्टिव्हल'. तबलावादक भाई गुरमीतसिंग विर्दी यांच्या स्मरणार्थ २००६ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात हा महोत्सव सुरू झाला. पं. व्यंकटेश कुमार, अश्विनी भिडे-देशपांडे यांचं गाणं तिथे आहे. ध्वनिमुद्रण इतकं निर्मळ की तानपुरा पहिल्यापासून शेवटपर्यंत वेगळा ऐकू येतो, आणि कॅमेरा तबल्याच्या बोटांवर हवा तितका वेळ थांबतो. फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका. घरात जुना डेक असेल तर वायर जोडून घ्या.

गाव कणकवलीजवळ, मी डोंबिवलीत. वर्षातून एकदा गणपतीला जाणं होतं. रोज बघावंसं काही?

'कोकणी रानमाणूस'. सिंधुदुर्गातले प्रसाद गावडे मालवणीत बोलत रानातून चालतात : रानभाज्या, पाणवठे, मातीची घरं, कुळागरं म्हणजे नारळ-सुपारीच्या बागा. जमिनी विकण्याबद्दल आणि डोंगर पोखरण्याबद्दल ते स्पष्ट बोलतात, आणि ते मला पटतं. नुसता हिरवा निसर्ग दाखवणारी चॅनेलं ढिगाने आहेत. इथे त्या निसर्गात राबणारा माणूसही दिसतो.

मधुमेह मुळापासून बरा करणारा काढा एका चॅनेलवर दाखवतात. लाखो लोकांनी बघितलंय. करून बघू का?
– जालना

नाही. आणि चालू असलेली गोळी तर मुळीच बंद करू नका. या सदरात मी आरोग्याच्या चॅनेलांची शिफारस करत नाही. सुडोकू चुकला तर खोडता येतो. साखर वाढलेली तुम्हाला दिसत नाही, ती डोळे आणि मूत्रपिंड खात राहते. व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा, त्यांच्यासमोर विचारा.

चांगलं बघायला बसते, पण एक संपला की दुसरा आपोआप सुरू, मग ते छोटे छोटे शॉर्ट्स, आणि रात्रीचे साडेबारा. काही उपाय?
– ठाणे

ताई, हा प्रश्न निश्चयाचा कमी आणि बटणांचा जास्त आहे. तो व्हिडिओ आपोआप सुरू व्हावा अशीच रचना केलेली आहे, त्यामुळे स्वतःला दोष देऊ नका.

पहिलं, व्हिडिओ चालू असताना चौकटीच्या वरच्या बाजूला ऑटोप्लेचं छोटं बटण असतं, ते बंद करा. दुसरं, आणि हे जास्त परिणामकारक : सेटिंगमध्ये जाऊन पाहिल्याचा इतिहास, म्हणजे वॉच हिस्टरी, बंद करा आणि आधीचा पुसून टाका. मग पहिल्या पानावर शिफारशींची रांगच येत नाही, पान जवळजवळ कोरं असतं. तुम्हाला काय हवं ते शोधून उघडावं लागतं, किंवा खालच्या 'सबस्क्रिप्शन' या खुणेवर जावं लागतं, तिथे फक्त तुम्ही निवडलेल्या माणसांचं येतं. मी स्वतः हेच ठेवलं आहे.

तिसरं, बघायचं ते दिवसा ठरवा. आवडलेला व्हिडिओ सापडला की तेव्हा न बघता 'वॉच लेटर'मध्ये टाका, आणि रात्री त्या यादीतला एकच उघडा. परभणीच्या ताईंनीही मुलासाठी अशीच एक यादी करावी. मुलगा लहान असेल तर 'यूट्यूब किड्स'मध्ये पालकांना निवडून दिलेलीच चॅनेलं दिसतील अशी सोय आहे, आणि वेळ संपली की ते ॲप स्वतःच बंद होतं. घरात टीव्हीला इंटरनेट असेल तर फोनऐवजी तिथे लावा. सगळे मिळून बघतात, मध्येच कोणीतरी 'थांब, मागे घे, ते कसं केलं?' म्हणतं, आणि शॉर्ट्स सरकवायला अंगठ्याला जागाच उरत नाही.